शिरस्तेदारांच्या घरातली साहेबी चीजवस्तू

ठाण्यातल्या घंटाळी भागातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्या निवृत्त शिक्षिका आहेत. सासरची जुनी दोनमजली इमारत पुनर्विकासाला गेली आहे, दिवाळीपर्यंत जागा रिकामी करून द्यायची आहे आणि तोवर भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहायचं आहे. माळा आणि दिवाणखाना आवरताना निघालेल्या वस्तूंवरून आता घरात ताण आहे. काळ्या लाकडाच्या चार कोरीव खुर्च्या, चांदण्यांच्या नक्षीची एक पेटी, वेरूळच्या लेण्याचं खाली इंग्रजी अक्षरं असलेलं मोठं चित्र, खाडीपुलावरून जाणाऱ्या आगगाडीचं लहान चित्र, एक पांढरी चकचकीत किटली, रामदरबाराचं तांब्याचं नाणं आणि कागदांचं एक गाठोडं, ज्याला त्या पत्रात 'रद्दी' म्हणतात. सासऱ्यांचे आजोबा ठाण्याच्या कलेक्टर कचेरीत शिरस्तेदार होते, विलायतेला परतताना साहेबाने त्यांना हे सगळं भेट दिलं, असं घरात सांगत आले आहेत. चोर बाजारातला एक व्यापारी येऊन सगळ्या लॉटचे ४० हजार सांगून गेला. धाकटे दीर म्हणतात देऊन टाका, वाटून घेऊ. इंग्लंडमधला पुतण्या म्हणतो, पेटी मी बॅगेत घालून नेतो, इकडे पौंडांत पैसे येतील. ८६ वर्षांच्या सासूबाई म्हणतात, घरातलं काही हलवायचं नाही. नणंद नाशिकला असतात, 'त्यांना यात रस नाही'. पती म्हणतात, तू ठरव. ताईंचा प्रश्न असा: "४० हजार हा भाव बरोबर आहे का? विकलं तर पूर्वजांचा अपमान होईल, आणि ठेवलं तर मूर्खपणा होईल, असं मला दोन्हीकडून वाटतंय."

ताई,

तुमच्या पत्रातला भावाचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवते आहे. वस्तू काय आहे, ती कुणाची आहे आणि कायदा तिचं काय करू देतो, हे कळल्याशिवाय सांगितलेला कुठलाही आकडा चुकीचाच असतो, मग तो ४० हजार असो की ४० लाख. आज तुमच्या घरात प्रत्येकजण आकड्यापासून सुरुवात करतो आहे, आणि म्हणूनच भांडण मिटत नाहीये.

आधी त्या भेटीच्या गोष्टीबद्दल. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण इंग्रज अधिकारी बदलून किंवा कायमचे परत जाताना बंगल्यातलं सामान बहुधा लिलावात काढत, आणि कचेरीतली मंडळी, वकील, व्यापारी ते विकत घेत. तुमच्या आजेसासऱ्यांच्या वडिलांनी स्वतःच्या पगारातून या खुर्च्या घेतल्या असतील, तर त्यात कमीपणा कसला? उलट ठाण्यातल्या एका मराठी नोकरदाराने काय निवडलं, कशावर पैसे खर्च केले, ही साहेबाच्या मेहेरबानीपेक्षा कितीतरी मोलाची हकीकत आहे. आणि 'साहेबाची वस्तू' असं आपण म्हणतो, पण तुमच्या यादीतल्या सर्वांत चांगल्या दोन वस्तू, पेटी आणि खुर्च्या, आपल्याकडच्याच कारागिरांनी घडवलेल्या दिसतात. घाट युरोपी, हात इथले. मला या विषयाची ओढ आहे ती याचसाठी.

खुर्च्यांचं तुम्ही जे वर्णन केलं आहे, पाठीवर पोकळ कोरलेली वेलबुट्टी, पायांना पंजे, बसायला वेत, त्यावरून त्या शिसवीच्या असाव्यात. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कोटात, विशेषतः मेडोज स्ट्रीटवर म्हणजे आजच्या नगीनदास मास्टर रोडवर, असं काळं कोरीव फर्निचर घडवणाऱ्यांची दुकानं होती. पारशी आणि इंग्रज घरांत ते हौसेने घेतलं जाई. एक खुर्ची उलटी करून बघा. करवतीच्या खुणा सरळ आणि कमीजास्त असतील तर हातकरवत. गोल कमानीसारख्या असतील तर यंत्राची चकती. स्क्रूच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह असेल तर तो स्क्रू १९३० च्या दशकानंतरचा, म्हणजे निदान दुरुस्ती तरी नंतरची. आणि कृपा करून पॉलिशवाल्याला बोलावू नका. दीडशे वर्षांत लाकडावर चढलेला तो काळसर तुकतुकीतपणा एका दुपारच्या घासणीत जातो आणि परत येत नाही.

आता पेटी. त्या व्यापाऱ्याचं एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात: "खुर्च्यांचेच पैसे आहेत, पेटी अशीच टाका त्यात." लॉटमध्ये खरेदी करणाऱ्याला जी वस्तू मनापासून हवी असते, तिच्याबद्दल तो सर्वांत कमी बोलतो. चंदनाच्या किंवा दुसऱ्या लाकडाच्या पेटीवर बारीक षट्कोन-चांदण्यांची जडावाची नक्षी असते, तिला साडेली काम म्हणतात. हस्तिदंत, हाड, शिंग, आबनूस, कथील यांच्या बारीक काड्या जुळवून चिकटवायच्या, त्या जुडीचे पातळ काप काढायचे आणि ते पेटीवर बसवायचे, अशी ही रीत. ती इराणातून सुरतेला आणि सुरतेहून मुंबईला आली, आणि पारशी कारागिरांच्या हाती फुलली. मुंबईच्या अशा पेट्या १८५१ च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनात मांडल्या गेल्या होत्या. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्या काळातल्या मुंबईच्या हस्तकला आहेत. १८७२ साली लोकांसाठी उघडलेलं ते संग्रहालय एकदा जाऊन बघा, आपल्याकडे काय आहे याचा अंदाज तिथे जितका येतो तितका मोबाइलवर येत नाही.

पण याच पेटीत तुमच्या पुतण्याच्या बेताला मोठी अडचण आहे. नक्षीतला पांढरा भाग हस्तिदंत असेल, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिची विक्री करता येत नाही. १९८६ आणि १९९१ मधल्या दुरुस्त्यांनंतर भारतीय काय आणि आफ्रिकी काय, हस्तिदंताचा सगळा व्यापार बंद आहे. वस्तू दीडशे वर्षांपूर्वीची आहे या कारणाने सूट मिळत नाही. दुसरं, पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ हा वेगळा कायदा, जो १९७६ पासून लागू आहे, तो सांगतो की शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाने देशाबाहेर न्यायची नाही. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. तिसरं, पौंडांचं. ब्रिटनने स्वतःच हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर कायदा केला आहे, २०२२ च्या जूनपासून तो अमलात आहे आणि त्यातले अपवाद फार थोडे आहेत. म्हणजे मुलगा विमानतळावर इथे अडकेल, नाहीतर तिकडे. त्याने प्रेमापोटी सुचवलं असेल, त्याला कायदा माहीत नसेल. आजच फोन करून सांगा, पुढच्या खेपेला तो बॅग भरायला लागेल तेव्हा नको.

पांढरा भाग हस्तिदंत की हाड, हे घरी ठरवायच्या भरीस पडू नका. हाडात भिंगाखाली बारीक काळसर ठिपके किंवा छिद्रं दिसतात आणि हस्तिदंताच्या आडव्या कापात एकमेकांना छेदणाऱ्या सूक्ष्म रेषा दिसतात, हे खरं. पण साडेलीतले तुकडे इतके लहान असतात की जाणकारही सावधपणे बोलतात. तापलेली सुई टोचून बघण्याचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाला पेटी दाखवूही नका. तज्ज्ञाने हस्तिदंत असल्याचं सांगितलं, तर वन विभागाच्या ठाण्यातल्या कार्यालयात जाऊन वारशाने आलेल्या अशा वस्तूच्या नोंदीबद्दल विचारा. संग्रहालयाला देण्याचा मार्ग काय, हेही तिथेच विचारून घ्या. भीतीपोटी माळ्यावर परत टाकून देणं हा उपाय नव्हे.

वेरूळचं चित्र मला सर्वांत जास्त उत्सुक करून गेलं. तुम्ही खालच्या अक्षरांत 'वेल्स' आणि 'डॅनियल' ही नावं वाचलीत. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत आला. पुण्याच्या दरबारात त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं चित्र रंगवलं, आणि १७९५ मध्ये तो इथेच वारला. त्याने केलेल्या वेरूळच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने १८०३ च्या सुमारास २४ छापचित्रांचा संच लंडनमध्ये काढला. त्याच काळात पुण्याचा गंगाराम तांबट हा आपला कलाकार, पेशव्यांच्या दरबारातला इंग्रज वकील, म्हणजे रेसिडेंट, मॅलेट याच्या सांगण्यावरून, वेरूळची लेणी रेखाटत होता. त्या छापचित्रांवर वेल्स आणि डॅनियल यांची नावं आहेत. गंगारामची रेखाटनं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

तुमचं चित्र त्या संचातलं असल्याची शक्यता आहे, आणि नंतरची नक्कल असल्याचीही तितकीच आहे. डॅनियलांची चित्रं पुढे लहान आकारात पुन्हा निघाली, आणि आपल्या काळात त्यांच्या रंगीत प्रती घराघरांत लागल्या. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळजीकडे असतं तसं, आणि आकाशाचा भाग बघा. निळ्या, गुलाबी, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांची नेमकी रांगोळी दिसली तर ते विसाव्या शतकातलं ऑफसेट छपाईचं काम. ठिपक्यांऐवजी सुकलेल्या तळ्याच्या भेगांसारखी वेडीवाकडी बारीक जाळी दिसली, तर ते ॲक्वाटिंट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने केलेलं काम. खऱ्या प्रतीत चित्राभोवती पत्र्याच्या दाबाची खोलगट रेघ कागदावर उमटलेली असते, अर्थात कडा कापलेल्या नसतील तर. हाताने भरलेला रंग कुठेतरी रेषेबाहेर गेलेला असतो. कागद उजेडासमोर धरला तर कधी कधी गिरणीचं नाव आणि साल पाण्याच्या छापात दिसतं. चित्राच्या तारखेपेक्षा तो साल पुढचा असेल तर ती प्रत नंतर छापलेली आहे. मात्र हे सगळं फ्रेम आपसूक उघडत असेल तरच करा. मागची लाकडी फळी चिकटली असेल, कागद काचेला लागला असेल, तर हात लावू नका. छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाच्या कला-संवर्धन केंद्राकडे बाहेरच्या लोकांच्या वस्तूंचंही काम होतं, तिथे विचारा. फ्रेमच्या मागे जुन्या दुकानाची चिठ्ठी असेल तर तिचा फोटो काढा आणि चिठ्ठी तशीच राहू द्या.

आगगाडीच्या चित्राखाली 'टॅना', म्हणजे ठाणे, असं छापलं आहे आणि दीर म्हणतात की हे पहिल्या गाडीचं चित्र. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्यापर्यंतच आली होती. खाडी ओलांडून कल्याणकडे जाणारा मार्ग खुला झाला १८५४ च्या मे महिन्यात. खाडीपुलावर गाडी धावताना दाखवली असेल तर ती पहिल्या दिवसाची असणं शक्य नाही. असली चित्रं लंडनच्या सचित्र साप्ताहिकांत लाकडी ठशांवरून छापली जात आणि नंतर पानं कापून, रंगवून, फ्रेम करून विकली जात. मागच्या बाजूला इंग्रजी मजकूर छापलेला असेल तर तसंच समजा. अशी पानं मोठ्या संख्येने छापली गेल्यामुळे त्यांना फार पैसे येत नाहीत. पण ठाण्याच्या घरातल्या भिंतीवर ठाण्याच्या पुलाचं हे चित्र लावायला पैशाचं कारण कशाला हवं? ते विकू नका, एवढं मी ठाम सांगते.

किटलीच्या बुडाखाली बघा. 'ई.पी.एन.एस.' ही चार अक्षरं असतील तर ती चांदीचा मुलामा दिलेल्या मिश्रधातूची आहे. चालणारा सिंह, शहराचं चिन्ह आणि एक अक्षर असे छाप असतील तर इंग्लंडमधली खरी चांदी. भारतातही सुंदर चांदीकाम होत असे, कलकत्त्याचे हॅमिल्टन, मद्रासचे पी. ऑर, भुजचे ओमरसी मावजी ही त्यातली मोठी नावं, आणि कच्छी काम त्याच्या दाट वेलींवरून ओळखू येतं. यांपैकी काही निघालं तर सराफाकडे मोडीत घालू नका. तो वजनाचे पैसे देईल, कामाचे नाही.

रामदरबाराच्या नाण्याबद्दल सांभाळून राहा. एका बाजूला राम-सीता-लक्ष्मण आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, साल १८१८, असं ते असेल. कंपनीने असलं चलन कधी काढलं नव्हतं. ही देवस्थानी टोकनं आहेत, पुष्कळशी अलीकडे पाडलेली. 'लाखोंची किंमत आहे, तपासणीचे पैसे आधी भरा' असं सांगणाऱ्या टोळ्या याच नाण्यावर आणि 'राईस पुलर', म्हणजे तांदळाचे दाणे खेचून घेणारा म्हणे चमत्कारी धातू, या थोतांडावर पोट भरतात. फोन आला तर ठेवून द्या. नाणं देवघरात असू द्या.

राहिलं ते गाठोडं. ताई, तुम्ही त्याला रद्दी म्हणालात याचं मला खरोखर वाईट वाटलं, आणि तुम्ही ते अजून रद्दीवाल्याला दिलं नाही याचा आनंदही झाला. मोडीतली पत्रं, इंग्रजी याद्या, एक खर्चाची वही असं तुम्ही लिहिलंत. त्या वहीत एखाद्या लिलावाची नोंद असेल, साहेबाचं नाव, खुर्च्यांचा आकडा असेल, तर त्या एका ओळीने बाकी सगळ्या वस्तूंची ओळख पटते. खुर्च्या शिसवीच्या आहेत हे कुणीही सांगेल; त्या अमक्या सालात, अमक्या बंगल्यातून, इतक्या रुपयांना आल्या, हे फक्त तुमचं घर सांगू शकतं. ७५ वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितांनाही वर सांगितलेला पुरावस्तूंचा कायदा पुरावस्तू मानतो. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करा, मोडी वाचणारं कुणी ना कुणी भेटेल. ही संस्था १८९३ पासून आहे. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळही आहे. तोवर प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो काढा, टाचण्या काढा, सुती कापडात बांधा. प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच नको, ठाण्याच्या दमट हवेत बुरशी लागायला एक पावसाळा पुरतो.

आता व्यापारी. त्याला नाही म्हणताना वाईट वाटून घेऊ नका, तो त्याचा धंदा करतो आहे. मात्र पुरावस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करायला परवाना लागतो, तो दाखवायला सांगा. 'आज देतो, उद्या नाही' असं तो म्हणाला असेल तर उद्याही तो देईल. आणि सगळं एकत्र कधीच देऊ नका. भाव काढायचाच असेल तर ज्याला वस्तू विकत घ्यायची नाही अशा माणसाकडून काढा. प्राप्तिकर खात्याकडे नोंदलेले कलाकृतींचे मूल्यांकनकार असतात. टक्केवारीवर नव्हे, ठरलेल्या फीवर काम करणारा निवडा आणि अहवाल लेखी घ्या. मुंबईत सॅफ्रनआर्ट, अस्तगुरु, पुंडोल्स ही लिलावगृहं आहेत. त्यांच्या जुन्या लिलावांचे निकाल बघताना अपेक्षित भाव बघू नका, वस्तू खरोखर कितीला गेली ते बघा. ऑनलाइन दुकानात लावलेली किंमत म्हणजे भाव नव्हे, ती विकणाऱ्याची इच्छा असते. खुर्च्यांच्या बाबतीत हे फार जाणवतं. दोन खोल्यांच्या घरांच्या शहरात एवढं जड फर्निचर घेणारे थोडे, त्यामुळे कामाच्या मानाने पैसे कमी येतात. हस्तिदंत सोडलं तर देशात विक्री करायला बंदी नाही, पण शिल्पं, हाताने रंगवलेली जुनी चित्रं आणि सचित्र हस्तलिखितं यांना नोंदणी लागते. तुमच्यापैकी कशाला लागते का, हे सायनच्या किल्ल्यातल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळात विचारा. चित्र विकलंत तर भांडवली नफ्याचा करही येतो, आणि त्यासाठी १ एप्रिल २००१ ची किंमत लागते. मूल्यांकनकाराला तीही अहवालात लिहायला सांगा.

शेवटी मालकी. "तू ठरव" असं पती म्हणाले, तो विश्वास आहे हे खरं, पण या वस्तू एकट्या त्यांच्याही नाहीत. सासऱ्यांनी मृत्युपत्र केलं नसेल तर सासूबाई, दोघं भाऊ आणि नाशिकच्या नणंदबाई, चौघांचा हक्क सारखा आहे. 'त्यांना रस नाही' हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे का, की सगळ्यांनी धरून चाललं आहे? पेटी किंवा किटली लहानपणी त्यांनीच हाताळली असेल. एक यादी करा, प्रत्येक वस्तूचा चारही बाजूंनी फोटो, मापं, कुठे काय लिहिलं आहे ते, आणि सासूबाईंना आठवतं ते सगळं. सासूबाईंचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. 'काही हलवायचं नाही' असं त्या म्हणतात ते चार खुर्च्यांसाठी की त्या घरात त्यांच्या गेलेल्या साठ-पासष्ट वर्षांसाठी, हे त्यांच्यापाशी बसून ऐका. कदाचित नव्या घरात एक खुर्ची त्यांच्या खिडकीपाशी राहिली तर त्या उरलेल्या तीन खुर्च्यांबद्दल मोकळेपणाने बोलतील. दिवाळीची घाई घर रिकामं करण्याची आहे, निर्णयाची नाही. वन बीएचकेत खुर्च्या मावणार नसतील तर काही महिन्यांसाठी नातेवाइकाकडे किंवा भाड्याच्या कोरड्या गोदामात ठेवा. पेटी, वेरूळचं चित्र आणि कागद मात्र स्वतःच्या हाताने न्या, पॅकर्सच्या टेम्पोत नको.

यादी तयार झाली की ती पाठवायच्या आधी नणंदबाईंना फोन करा. कागदावर सह्या मागण्यापूर्वी त्यांना नुसतं विचारा, यातलं त्यांना काय आठवतं.